मुंबईचा सिंह आणि चाळीतला भाडेकरू

बोरीबंदरला लोकलमधून उतरून महापालिकेकडे वळणाऱ्या माणसाच्या हातात बहुधा एक पिशवी असते. तिच्यात भाड्याच्या पावत्या, चाळ कमिटीच्या लेटरहेडवरचा अर्ज, खाली पंचवीस-तीस सह्या आणि एखाद-दुसरा अंगठा. कुणी खेतवाडीतून आलेला, कुणी लालबागहून, कुणी परळच्या गल्लीतून. तक्रारी ठरलेल्या: तिसऱ्या मजल्याच्या मोरीचे पाणी दुसऱ्या मजल्यावर झिरपते, जिन्याला टेकू लावून सहा वर्षे झाली, नळाला पहाटे साडेचारला वीस मिनिटेच पाणी येते. रस्ता ओलांडून तो दगडी इमारतीकडे निघतो आणि वाटेत उभ्या असलेल्या पुतळ्याकडे मान वर करून पाहत नाही. त्याला घाई असते. साहेब बारानंतर जागेवर भेटत नाहीत.

पुतळा सर फिरोजशहा मेहतांचा. मुंबईचा सिंह आणि मुंबईचा बिनमुकुटाचा राजा या दोन्ही पदव्या त्यांना लोकांनी दिल्या. सरकारने दिलेली ‘सर’ ही त्यामानाने फिकीच. मराठी घरांतून मात्र या माणसाविषयी फारशी माया कधी नव्हती. गिरगावातल्या भिंतींवर टिळकांची तसबीर असे आणि टिळकांना सुरतेच्या काँग्रेसमध्ये ज्यांनी बाजूला सारले त्या नेमस्तांचे सेनापती मेहता होते. ते एकदा मनात बसले की बाकीचे वाचायची इच्छा कुणाला होणार? माझीही नव्हती. पण ज्या इमारतीत आमच्या चाळीचे अर्ज पिढ्यान्‌पिढ्या जात राहिले, तिच्यातला कारभार कसा चालावा हे या माणसाने पंचविशीत ठरवले होते, हे कळले तेव्हा कुतूहल वाटले. त्यांच्या त्या आराखड्यात आमच्या चाळीला जागा नव्हती, हे नंतर कळले.

फिरोजशहांचा जन्म ४ ऑगस्ट १८४५ चा, मुंबईतलाच. वडील मेहेरवानजी व्यापारी, कामा कंपनीत भागीदार. पैसा बरा, पण त्याहून अधिक घरात शिक्षणाची गोडी. मुलगा एल्फिन्स्टन कॉलेजातून १८६४ मध्ये पदवीधर झाला. प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांची त्याच्यावर मर्जी होती. त्याच सुमारास रुस्तमजी जमशेटजी जीजीभॉय या धनाढ्य पारशी गृहस्थांनी हिंदी तरुणांना बॅरिस्टर होण्यासाठी विलायतेला पाठवण्याकरिता मोठी देणगी जाहीर केली. ग्रँटसाहेबांनी फिरोजशहांचे नाव सुचवले आणि एकोणीस वर्षांचा हा मुलगा लंडनला रवाना झाला.

इथे थोडे थांबले पाहिजे, कारण मुंबईच्या पालिकेची कहाणी खरे तर इथून सुरू होते. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते, तिथला कापूस लँकेशायरला जाईना, म्हणून आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. चार वर्षांत मुंबईत पैशाचा पूर लोटला. समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या, त्यांच्या शेअरांवर सट्टा झाला आणि त्याच शेअरांच्या तारणावर बँकांनी कर्जे दिली. बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाच्या अंगावर हे वाक्य लिहिताना काटा येतो. तारण आणि कर्ज दोन्ही एकाच फुग्यात! युद्ध संपले आणि वायद्यांची फेड करायचा दिवस उजाडला तो १ जुलै १८६५. त्या दिवशी मुंबईतली मोठमोठी घराणी रस्त्यावर आली. बँक ऑफ बॉम्बेचे भांडवल बुडाले, पुढे ती गुंडाळावी लागली. रुस्तमजीही बुडाले आणि लंडनमध्ये शिकणाऱ्या फिरोजशहांची शिष्यवृत्ती मध्येच आटली. उरलेले शिक्षण घरच्या पैशावर पुरे झाले.

योग असा की, नेमक्या त्याच तारखेला, १ जुलै १८६५ रोजी, मुंबईचा नवा पालिका कायदा अमलात आला. पहिले म्युनिसिपल कमिशनर झाले आर्थर क्रॉफर्ड. तेव्हा पालिकेची कचेरी आपल्या गिरगाव रस्त्याच्या टोकाला एका साध्याशा इमारतीत होती. आज त्या भागातल्या माणसाला साध्या दाखल्यासाठीही गिरगाव सोडून जावे लागते, ही गोष्ट वेगळी.

क्रॉफर्ड कर्तबगार होता आणि उधळ्याही होता. गटारे, रस्ते, मंडया यांचा त्याने धडाका लावला. आज महात्मा जोतिबा फुले यांचे नाव असलेली आणि तरी सर्वांच्या तोंडी क्रॉफर्ड मार्केटच राहिलेली मंडई १८६९ मध्ये पुरी झाली ती त्याच्याच कारकिर्दीत. पण शहर बुडाले असताना हा खर्च चालला होता. कर वाढले, कर्ज वाढले. ज्यांनी त्याच्यावर देखरेख ठेवायची ते ‘जस्टिस ऑफ द पीस’ म्हणजे सरकारने नेमलेले प्रतिष्ठित, आणि त्यातले बरेचसे सभेला येतच नसत. १८७१ पर्यंत करदाते खवळले. रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक, नवरोजी फर्दुनजी अशी वजनदार माणसे क्रॉफर्डच्या विरोधात उभी राहिली. मागणी सोपी होती: या एकट्या माणसाच्या हातची सत्ता काढा आणि ती एखाद्या मंडळाकडे द्या.

अशा वेळी सव्वीस वर्षांचा एक बॅरिस्टर, ज्याला विलायतेहून येऊन उणीपुरी तीन वर्षे झाली होती, गर्दीच्या उलट दिशेने चालू लागला. नोव्हेंबर १८७१ मध्ये धोबी तलावाच्या फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटच्या सभागृहात फिरोजशहांनी पालिका सुधारणेवर निबंध वाचला. सभागृह करदात्यांनी खचाखच भरले होते आणि ते सारे क्रॉफर्डवर संतापलेले. त्यांच्यासमोर हा तरुण सांगत होता की, दोष माणसाचा कमी आणि रचनेचा जास्त आहे. सभेत गोंधळ झाला, आरडाओरड झाली. ज्या श्रोत्यांसाठी तो अधिकार मागत होता त्यांनीच त्याला नीट बोलू दिले नाही.

त्याचे म्हणणे आजही नीट समजून घेण्यासारखे आहे. शहर चालवायला एकच कारभारी हवा. मंडळाने झाडलोट होत नाही आणि दहा जणांनी मिळून गटार बांधले की ते तुंबल्यावर कुणाला धरायचे तेच कळत नाही. पण त्या एका कारभाऱ्याच्या डोक्यावर करदात्यांनी निवडलेली सभा हवी आणि तिजोरीची किल्ली त्या सभेकडे हवी. क्रॉफर्डला कामाचे स्वातंत्र्य होते हे चुकीचे नव्हते. हिशेब मागणारा कुणी नव्हता, हे चुकीचे होते. हिंदी माणूस स्वतःचा कारभार निवडणुकीने चालवायला लायक नाही हा साहेबांचा आवडता मुद्दाही त्याने खोडला. गावगाड्यातल्या पंचायती चालवणाऱ्या समाजाला निवडणूक शिकवायला नको, असा त्याचा युक्तिवाद होता.

सरकारने १८७२ चा कायदा केला तो बव्हंशी याच धर्तीचा. चौसष्ट सभासद, निम्मे करदात्यांनी निवडलेले, पाव जस्टिसांनी, पाव सरकारने नेमलेले. कमिशनर कायम, पण त्याच्या खर्चावर नजर ठेवणारी बारा जणांची टाउन कौन्सिल. लॉर्ड रिपनने स्थानिक स्वराज्याचा गाजलेला ठराव केला तो १८८२ मध्ये. मुंबई त्याच्या दहा वर्षे पुढे होती. क्रॉफर्डचे पुढे काय झाले हे जुन्या वाचकांना आठवत असेल. पुण्याला कमिशनर असताना १८८८ मध्ये लाचेच्या प्रकरणात तो सापडला आणि त्याच्याविरुद्ध साक्ष देणाऱ्या मामलेदारांची बाजू टिळकांनी लढवली. त्याच्यातला दोष माणसाचाही होता असे म्हणायला हरकत नाही.

फिरोजशहा त्यानंतर जवळजवळ त्रेचाळीस वर्षे, म्हणजे मरेपर्यंत, पालिकेशी बांधलेले राहिले. चार वेळा अध्यक्ष झाले. वकिली जोरात होती, मुफसलातल्या कोर्टांतून त्यांना बोलावणी येत. राहणी थाटाची, कपडे नेटके, प्रवास संस्थानिकाच्या ऐटीत आणि सभेला येणे शक्यतो उशिरा. हे त्यांच्या विरोधकांना खुपे. पण पालिकेचे कागद ते वाचून येत. अंदाजपत्रकाच्या एखाद्या कलमावर ते उभे राहिले की, सरकारी सभासद आपापल्या फायली चाळू लागत.

त्यांचे सर्वांत टिकाऊ काम १८८८ चे. सरकारने नव्या पालिका कायद्याचा मसुदा आणला तो मागे नेणारा होता. कमिशनरचा हात मोकळा आणि सभेचा बांधलेला. कायदे मंडळात तेव्हा दोन माणसे होती, मेहता आणि न्यायमूर्ती होण्यापूर्वीचे काशिनाथ त्र्यंबक तेलंग. तेलंग शांत, संस्कृताचे पंडित. मेहता गर्जणारे. या दोघांनी कलमामागून कलम तपासले आणि विधेयकाचा चेहरा बदलला. बहात्तर सभासद, त्यांतले छत्तीस वॉर्डांतून निवडलेले. टाउन कौन्सिलच्या जागी स्थायी समिती. तोच कायदा, शेकडो दुरुस्त्या अंगावर घेत, आजही मुंबईत चालू आहे. आपल्या वॉर्डातल्या गटाराचे टेंडर स्थायी समितीपुढे अडले असे वर्तमानपत्रात वाचतो, तेव्हा आपण मेहता-तेलंगांच्या शाईतच वाचत असतो.

आणि म्हणूनच अलीकडची एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे. मार्च २०२२ मध्ये निवडून आलेल्या सभासदांची मुदत संपली आणि पुढची जवळजवळ चार वर्षे मुंबई प्रशासकाच्या हाती होती. कमिशनरच सभा आणि कमिशनरच स्थायी समिती. मतदान झाले ते १५ जानेवारी २०२६ रोजी. त्या काळात रस्ते झाले नाहीत असे नाही, पूल झाले नाहीत असेही नाही. पण आमच्या गल्लीतल्या बायका पाणी आले नाही की ज्याच्या दारात हंडे घेऊन जात तो माणूसच उरला नव्हता. मधल्या काळात नगरसेवक ‘माजी’ झाले, आणि माजी माणसापुढे हंडा वाजवून काय उपयोग! १८७१ च्या त्या निबंधातला कारभारी शाबूत होता, त्याच्या डोक्यावरची सभा तेवढी गायब होती.

आता त्या आराखड्यातल्या दुसऱ्या बाजूकडे वळतो. मत करदात्याला होते. करदाता कोण? घरपट्टी भरतो तो. घरपट्टी कोण भरतो? मालक. गिरगावातल्या वाडीत वीस-पंचवीस बिऱ्हाडे राहत, कारकून, मास्तर, छापखान्यातले कंपॉझिटर. भाडे तेच भरत आणि त्या भाड्यातूनच घरपट्टी निघे. पण मत त्या शेटजींना, जे कदाचित त्या वाडीत वर्षातून एकदाही पाऊल टाकत नसत. परळ-लालबागकडे तर विचारायलाच नको. गिरण्या उभ्या राहत होत्या, कोकणातून आणि घाटावरून माणसे येत होती, एकेका खोलीत दोन-दोन पाळ्यांची माणसे आळीपाळीने झोपत होती. या साऱ्या गिरणगावाला पालिकेच्या लेखी तोंड नव्हते. साडेसहा लाखांच्या आसपास वस्तीच्या शहरात पहिले मतदार जेमतेम काही हजार होते.

मेहता लंडनमध्ये शिकत असतानाच, १८६७ मध्ये, तिथल्या पार्लमेंटने शहरातल्या कामगार घरकऱ्यांना मत दिले आणि वर्षाला दहा पौंड भाडे भरणाऱ्या पोटभाडेकरूलाही दिले. म्हणजे भाडेकरूला मत ही कल्पना त्यांना अपरिचित नव्हती. तरी त्यांनी मुंबईत ती लावून धरली नाही. त्यांच्या काळाचा विचार करता करदात्यांना मत मिळवणे हीच मोठी लढाई होती, असे त्यांच्या बाजूने म्हणता येईल, आणि ते खोटे नाही. पण त्रेचाळीस वर्षे हा काळ मोठा असतो.

या उणिवेची किंमत शहराने चुकवली ती १८९६ मध्ये. त्या सप्टेंबरातला एक प्रसंग आधी सांगतो. दक्षिण आफ्रिकेहून आलेल्या गांधी नावाच्या एका तरुण बॅरिस्टरसाठी मेहतांनी सभा घडवून आणली, ती पुन्हा त्याच फ्रामजी कावसजी सभागृहात. पंचवीस वर्षांपूर्वी तिथे मेहतांना लोकांनी बोलू दिले नव्हते. आता त्यांच्या एका शब्दावर सभागृह भरले. गांधींचा आवाज फुटेना, हात थरथरत होते, तेव्हा भाषण दिनशा वाच्छांनी वाचले. आणि त्याच महिन्यात, तिथून फार दूर नसलेल्या मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांना ताप आणि गाठी आलेले रोगी सापडले. व्हिएगस स्वतः पालिकेचे सभासद होते. प्लेग मुंबईत शिरला होता.

पुढच्या काही महिन्यांत शहर रिकामे होऊ लागले. सरकारने पालिका बाजूला ठेवून मार्च १८९७ मध्ये लष्करी अधिकारी गॅटेकर यांच्या हाताखाली प्लेग कमिटी नेमली. अंधाऱ्या खोल्या, बिनखिडक्यांच्या चाळी, तुंबलेली गटारे ही रोगाची घरे आहेत, हे आता सगळ्यांनाच दिसले. हे दिसायला मालकांच्या सभेला प्लेग यावा लागला! पालिकेत बसणाऱ्यांत घरमालक पुष्कळ होते आणि आपल्याच चाळींना खिडक्या पाडा म्हणून ठराव करायला कुणाला उत्साह असतो?

या अपयशाचा फायदा सरकारने घेतला. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. रस्ते रुंद करायचे, दाट वस्त्या पाडायच्या, नवी घरे बांधायची हे काम पालिकेकडे न देता या ट्रस्टकडे दिले. चौदा विश्वस्तांत पालिकेने निवडून पाठवलेले अवघे चार. मेहतांनी १८७१ पासून जे मांडले होते त्याच्या हे अगदी उलट होते: काम करणारा एक, पैसा दुसऱ्याचा आणि जाब विचारायला कुणी नाही. ट्रस्टने चांगली कामे केली हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड हे रस्ते, दादर-माटुंग्याची आखीव वस्ती, हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी त्याचीच. परळच्या ज्या बी.आय.टी. चाळीत डॉ. आंबेडकरांनी विद्यार्थिदशेपासूनची बरीच वर्षे काढली तीही ट्रस्टचीच. पण पहिल्या वीस वर्षांत ट्रस्टने जितक्या खोल्या बांधल्या त्याहून अधिक पाडल्या. पाडलेल्या खोल्यांतली माणसे शेजारच्या चाळींत शिरली आणि तिथली दाटी वाढली.

तेव्हापासून मुंबईत गरिबाचे घर हे पालिकेच्या बाहेरचे प्रकरण झाले. १९२० मध्ये सरकारने डेव्हलपमेंट खाते काढले आणि वरळी, नायगाव, डिलाइल रोड, शिवडी इथे २०७ चाळी बांधल्या, सुमारे १६० चौरस फुटांच्या खोल्यांच्या. त्याच बी.डी.डी. चाळी. वरळीतल्या पुनर्विकासातल्या पहिल्या घरांच्या किल्ल्या रहिवाशांना मिळाल्या त्या ऑगस्ट २०२५ मध्ये, म्हणजे शंभर वर्षांनी. इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट १९३३ मध्ये पालिकेत विलीन झाला, पण मग हाउसिंग बोर्ड आले, १९६९ नंतर जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचे मंडळ आणि उपकर आला, १९७७ पासून म्हाडा. प्रत्येक पिढीत नवे नाव.

आमच्या चाळीची एक जाड फाइल होती, लाल फडक्यात बांधलेली. ती माझ्या वडिलांकडे असे. पावसाळ्याच्या तोंडावर ते ती घेऊन निघत. एका कचेरीत सांगत, छप्पर आमच्याकडे नाही, तिकडे जा. दुसऱ्या कचेरीत सांगत, इमारत आमच्याकडे आहे पण गटार नाही. तिसरीकडे विचारत, मालकाचे पत्र आहे का? मालक पागडी घेऊन केव्हाच गुजरातेत परतले होते. कचेऱ्यांची नावे सांगण्यात अर्थ नाही; आतल्या माणसांचाही फारसा दोष नसावा. घर एका सत्तेचे आणि मोरी दुसरीची, अशी ही वाटणी १८९८ पासून चालत आली होती आणि वडील छत्री सांभाळत तिच्या कडेकडेने हिंडत होते. जिन्याला टेकू लागला तो अखेर चाळकऱ्यांनी वर्गणी काढूनच.

मेहतांच्या उत्तरायुष्यावर आता धावती नजर टाकू. १८८५ मध्ये तेलंग, बद्रुद्दीन तय्यबजी आणि ते अशा तिघांनी बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन काढली. १८९० मध्ये कलकत्त्याच्या काँग्रेसचे ते अध्यक्ष झाले. व्हाइसरॉयच्या कायदे मंडळात गेले आणि तिथल्या साहेबांची झोप उडवून आले. गोखले त्यांना गुरुस्थानी मानत. सुरतेचा प्रसंग १९०७ च्या डिसेंबरातला. त्याविषयी मराठीत इतके लिहिले गेले आहे की मी भर घालत नाही.

पण त्याच वर्षाच्या आरंभी पालिकेत जे घडले ते कमी लोकांना ठाऊक असते. मेहतांचे वर्चस्व मोडायचे असा चंग काही युरोपियन अधिकाऱ्यांनी बांधला. अकाउंटंट जनरल हॅरिसन त्यांचे पुढारी, टाइम्स ऑफ इंडियाचे संपादक लोव्हॅट फ्रेझर पाठीराखे. जस्टिसांनी सोळा सभासद निवडायचे होते. या गटाने आपली सोळा नावांची यादी केली आणि मते गोळा केली. निकाल लागला तेव्हा मेहता सतरावे आले. ज्याने ही सभा जन्माला घातली तो सभेच्या दाराबाहेर! मुंबईभर खळबळ उडाली, निषेधाच्या सभा झाल्या. पुढे निवडून आलेल्यांपैकी एकाची निवड कायद्यात बसत नाही असे ठरले आणि सतरावे मेहता आत आले. या सगळ्या धामधुमीत एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली असेल का, मला शंका आहे. गिरगावच्या किंवा परळच्या भाडेकरूंना मत असते, तर सिंहाला जस्टिसांच्या दारात अशी वाट पाहत उभे राहावे लागले नसते. ज्यांच्याकडून त्याने मत मागितले नव्हते तेच त्याला निवडून द्यायला समर्थ होते.

त्याच वर्षी एक जुना तंटा मिटला आणि त्याचा लाभ मात्र चाळीपर्यंत पोचला. शहराच्या पोलिसांचा खर्च पालिकेने का सोसावा, हा वाद मेहता कित्येक वर्षे लढवत होते. अखेर पोलीस सरकारने घेतले आणि बदल्यात प्राथमिक शिक्षण व दवाखान्यांचा भार पालिकेने उचलला. गिरणगावातल्या म्युनिसिपालटीच्या मराठी शाळा, जिथून दोन-तीन पिढ्या लिहायला-वाचायला शिकल्या, त्यांच्यामागे हा सौदा आहे. राजे एडवर्ड यांच्या स्मरणार्थ परळला मोठे रुग्णालय करावे ही गोष्ट पालिकेत पुढे सरकली तीही मेहतांच्या अखेरच्या वर्षांत. के.ई.एम. उघडले १९२६ मध्ये, सेठ गोवर्धनदास सुंदरदास यांच्या नावाच्या कॉलेजसह, आणि तिथे शिकवणारे डॉक्टर हिंदीच असावेत अशी देणगीची अटच होती.

माझ्या व्यवसायाशी संबंधित एक नोंद केल्यावाचून राहवत नाही. १९११ मध्ये सोराबजी पोचखानवाला या तरुणाने पूर्णपणे हिंदी मालकीची आणि हिंदी माणसांनी चालवलेली बँक काढली, सेंट्रल बँक ऑफ इंडिया. तिचे पहिले अध्यक्ष फिरोजशहा. १८६५ मध्ये ज्याची शिष्यवृत्ती बँकांच्या पडझडीत वाहून गेली, त्याने सहासष्टाव्या वर्षी बँकेच्या खुर्चीत बसावे! दोन वर्षांनी त्यांनी ‘बॉम्बे क्रॉनिकल’ काढले, कारण १९०७ च्या अनुभवानंतर आपले वर्तमानपत्र हवे हे त्यांना पटले होते. १९१५ मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू नेमले गेले. प्रकृती ढासळली होती. त्या वर्षअखेर काँग्रेस मुंबईत भरायची होती, तिची तयारी चालू असतानाच ५ नोव्हेंबरला ते गेले.

गेल्यानंतर सात वर्षांनी, १९२२ मध्ये, त्यांच्या कायद्यात एक दुरुस्ती झाली. महिन्याला दहा रुपये किंवा अधिक भाडे भरणाऱ्या भाडेकरूला मत मिळाले. गिरगाव-दादरचा कारकून, मास्तर, दुकानदार प्रथमच मतदार झाला. निवडणूक १९२३ मध्ये आली आणि शहराचा रागरंग बदलला. त्या सभेत प्रथमच स्त्रिया बसल्या. सरोजिनी नायडू होत्या आणि आपल्या गिरगावातल्या हिंद महिला समाजाच्या अवंतिकाबाई गोखले होत्या, ज्या चंपारणला गांधींबरोबर काम करून आल्या होत्या. पुढच्या दहा-बारा वर्षांत वस्त्यांचे प्रश्न नावानिशी मांडले जाऊ लागले. लालबागला पेरू चाळीतला बाजार १९३२ मध्ये बंद झाला, कोळणी आणि छोटे दुकानदार उघड्यावर आले, तेव्हा जागेसाठी खटपट करणाऱ्यांत नगरसेवकही होते. जागा मिळाली आणि १९३४ मध्ये तिथे गणपती बसला. त्याच्या रांगेत आज जे अठरा-अठरा तास उभे असतात, त्यांना त्यामागे बाजाराच्या गाळ्याची गोष्ट आहे हे सहसा माहीत नसते.

मेहतांचा पुतळा बसला तोही १९२३ मध्येच. इमारतीत शिरणारे नवे सभासद त्याच्यासमोरूनच आत गेले असणार. गिरणी कामगार त्यांना निवडून देणाऱ्यांत जवळजवळ नव्हता, कारण त्याच्या खोलीचे भाडे सहसा दहा रुपयांपर्यंत पोचतच नसे. पुढे भाड्याची अट थोडी उतरली. परळ-लालबागच्या प्रत्येक सज्ञान माणसाला, बाईला आणि बाप्याला, पालिकेसाठी मत टाकता आले ते १९४८ मध्ये. पुतळ्याला तेव्हा पंचवीस वर्षे झाली होती.